जुनापाणीची शिळावर्तुळं पाहताना काय पाळावं?

प्रश्न: भाऊ, गावच्या शाळेतली आठवी-नववीची पोरं नागपूरजवळच्या जुनापाणीला शिळावर्तुळं, म्हणजे लोहयुगातल्या दफनांभोवती रचलेली मोठ्या दगडांची वर्तुळं, दाखवायला न्यायची आहेत. त्यांना आधी काय सांगून ठेवू?

उत्तर १: कडेच्या दगडांवर बसू-चढू देऊ नका. दगड एकदा हलला की त्याची मूळ जागा आणि दिशा कायमची गेली. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. फोटोत उठून दिसावेत म्हणून त्यांत खडू भरू नका. सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात सावलीमुळेच ते स्पष्ट दिसतात.

उत्तर २: खापर, मणी, गंजलेलं लोखंड दिसलं तर उचलायचं नाही, हे पोरांना निक्षून सांगा. वस्तू कोणत्या वर्तुळात, किती खोलीवर होती यावरूनच तिचा अर्थ लागतो. खिशात गेलेला मणी मुका होतो. आकार कळावा म्हणून शेजारी पेन ठेवून जागेवरच फोटो घ्या, पुरातत्त्व विभागाला कळवा. नेमकं लोकेशन मात्र ग्रुपवर टाकू नका, गुप्तधनवाले कुदळ घेऊन पोचतात.

उत्तर ३: गाडी रस्त्यावरच ठेवा. चाकोरीतून पावसाचं पाणी वाहतं आणि दगडांखालची माती धुऊन नेते. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.