मदत हवी आहे: टोयोटाच्या जीआर जीटीची संख्या मर्यादित असेल का, आणि असा अंदाज कशाच्या आधारावर बांधावा?

सहावा_गिअर

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी मोटारींवर लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विषय मीच सुचवला, तो म्हणजे टोयोटाची येऊ घातलेली स्पोर्ट्स गाडी, जीआर जीटी. संपादकांची अट एकच आहे: लेखातले प्रत्येक विधान कंपनीने सांगितलेले आहे की चाहत्यांनी मानलेले, हे वाचकाला स्पष्ट कळले पाहिजे. त्यासाठी मी 'सांगितलेले' आणि 'मानलेले' असे दोन रकाने आखले. त्यांतला पहिला रकाना भरायला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या रकान्यात मात्र इतके काही साचले आहे की त्यातले काय ठेवावे आणि काय गाळावे, हे एकट्याने ठरवणे मला अवघड जात आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आधी खात्रीचे तेवढे मांडतो. डिसेंबर २०२५ मध्ये ही गाडी जपानमध्ये अधिकृतपणे दाखवण्यात आली आणि ती २०२७ च्या सुमारास विक्रीस आणण्याचे उद्दिष्ट सांगण्यात आले. दोन आसने, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, चार लिटरचे दुहेरी टर्बोचे व्ही८ इंजिन, त्याला जोडलेली एक विजेची मोटर आणि मागच्या बाजूला बसवलेला आठ गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स, अशी तिची मांडणी आहे. एकत्रित ताकद ६५० अश्वशक्ती किंवा अधिक, टॉर्क ८५० न्यूटन-मीटर किंवा अधिक, वजन १,७५० किलो किंवा कमी आणि कमाल वेग ताशी ३२० किलोमीटर किंवा अधिक, हे आकडे कंपनीने विकासाची उद्दिष्टे म्हणून दिले आहेत. सांगाडा पूर्ण ॲल्युमिनियमचा असून टोयोटाने असा सांगाडा प्रथमच वापरला आहे. त्याच दिवशी शर्यतीसाठीची जीआर जीटी३ आणि लेक्सस (टोयोटाचाच आलिशान गाड्यांचा ब्रँड) एलएफए या जुन्या स्पोर्ट्स गाडीचे विजेवर चालणारे संकल्पना रूपही दाखवण्यात आले. किंमत आणि एकूण संख्या मात्र जाहीर झाली नाही, आणि सगळे तर्क नेमके याच रिकाम्या जागेत घुसले आहेत.

आमच्या गटात तीन मते आहेत. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की कंपनी स्वतःच २०००जीटी, एलएफए आणि जीआर जीटी अशी वंशावळ सांगते, तर संख्याही त्याच परंपरेत बसेल. २०००जीटी १९६७ ते १९७० या काळात प्रोटोटाइप धरून ३५१ बनल्या आणि एलएफए ५००, म्हणून हीसुद्धा पाचशेच्या आसपास थांबेल. दुसरा पक्ष म्हणतो की मर्यादा वगैरे काही नसेल, ज्याच्याकडे पैसे असतील त्याला गाडी मिळेल. तिसऱ्या पक्षाला संख्येशी कर्तव्य नाही. टर्बो लावलेले व्ही८ इंजिन एलएफएच्या व्ही१० सारखे गाणार नाही, एवढेच दुःख ते उगाळत बसतात. (त्यांच्या दुःखाबद्दल मला सहानुभूती आहे, पण लेखाला त्याचा उपयोग नाही.)

माझे प्रश्न असे आहेत. वंशावळीवरून संख्येचा अंदाज बांधणे कितपत योग्य आहे, आणि नसेल तर दुसरा कोणता आधार घ्यावा? उद्दिष्ट म्हणून दिलेल्या आकड्यांपैकी कोणते पुढे हलू शकतात, विशेषतः वजन दीड हजार किलोपर्यंत उतरेल ही आशा लेखात नोंदवण्याजोगी आहे का? आणि शेवटचा प्रश्न, जो मराठी वाचक हमखास विचारतील: ही गाडी भारतात येऊ शकेल का?

ओतीव_लोखंड

सहावा गिअर, मी कोल्हापूरच्या फौंड्री व्यवसायातला माणूस आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे मी सांगाड्याच्या बाजूने पाहतो. कोणतीही गाडी किती बनेल याची कल्पना जाहिरातीपेक्षा तिचे भाग कोणत्या पद्धतीने बनतात यावरून अधिक लवकर येते, असे माझे मत आहे.

एलएफएचे उदाहरण घ्या. २००५ साली तिचे संकल्पना रूप डेट्रॉइटला दाखवले गेले त्या सुमारास सांगाडा ॲल्युमिनियमचा धरला होता. विकासाच्या मध्यावर तो कार्बन फायबरचा करायचे ठरले आणि काम जवळजवळ नव्याने सुरू झाले. अखेर गाडीच्या मुख्य रचनेचा सुमारे ६५ टक्के भाग कार्बन फायबरचा झाला. हे काम हातांचे आणि वेळखाऊ असते. म्हणूनच मोटोमाची कारखान्यातून महिन्याला केवळ २० गाड्या बाहेर पडत होत्या, आणि डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२ अशा दोन वर्षांत ५०० पुऱ्या झाल्या. म्हणजे ५०० हा आकडा त्या पद्धतीच्या गतीशी जुळणारा होता. तो उचलून वेगळ्या पद्धतीने बनणाऱ्या गाडीला चिकटवणे मला पटत नाही.

जीआर जीटीच्या सांगाड्यात ॲल्युमिनियमचे मोठे, आतून पोकळ ओतीव भाग आहेत आणि त्यांना दाबून काढलेल्या पट्ट्या जोडल्या आहेत. पोकळ ओतकामाला आत गाभा (पोकळी राखणारा आतला साचा) लागतो, आणि गाभ्याचे ओतकाम हे लाखोंच्या संख्येने निघणाऱ्या साध्या दाब-ओतकामाइतके झटपट होत नाही. पण डाय (धातूचे साचे) आणि गाभ्याच्या पेट्या एकदा तयार झाल्या की दर नगाचा वेळ कार्बनच्या तुलनेत फारच कमी असतो, आणि डायवर घातलेला पैसा वसूल व्हायचा तर नग बऱ्यापैकी निघावे लागतात. पाचशे नगांसाठी एवढा खटाटोप कोणी करणार नाही असे मी म्हणत नाही, कारण टोयोटाला पैशाची ददात नाही. तरीही पद्धतीचा कल अधिक संख्येकडे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्याच मजकुरात आहे, ती तुमच्या गटाच्या नजरेतून सुटलेली दिसते. त्या दिवशी गाड्या तीन दाखवल्या गेल्या, आणि लेक्ससच्या विजेवरच्या गाडीचा सांगाडाही जीआर जीटीच्या त्याच ॲल्युमिनियम सांगाड्यावर आधारलेला आहे. एकच सांगाडा रस्त्यावरची गाडी, शर्यतीची गाडी आणि विजेवरची गाडी अशा तिघींना वाटून दिला जाणार असेल, तर त्याची क्षमता आखताना कंपनीने एकाच गाडीच्या पाचशे नगांचा विचार केला असेल हे संभवत नाही. माझा अंदाज असा की आकडा जाहीर करून लावलेली मर्यादा नसेल, पण वर्षाला किती बनतील ही मर्यादा कडक असेल. लेखात या दोन प्रकारच्या मर्यादा वेगळ्या मांडाव्यात, कारण चाहते सर्रास त्यांची सरमिसळ करतात.

वजनाबद्दल थोडक्यात सांगतो. एलएफए सुमारे १,४८० किलोची होती, पण तिला टर्बो नव्हते, बॅटरी नव्हती, विजेची मोटर नव्हती. येथे हे सगळे आहे. १,७५० ही वरची हद्द असल्याने प्रत्यक्ष वजन तिच्या खाली भरेल, पण अडीचशे किलो उतरतील ही आशा लेखात 'मानलेले' या रकान्यातसुद्धा ठेवू नये.

बोरघाट

ओतीव लोखंड यांचा युक्तिवाद मला आवडला, परंतु त्यात एक पुरवणी जोडणे आवश्यक वाटते. पद्धतीवरून क्षमता कळते, संख्या नव्हे. संख्या ठरवताना कंपन्यांनी वेळोवेळी आपलेच शब्द फिरवले आहेत, आणि तेही दोन्ही दिशांनी.

पोर्शेने ९११ कॅरेरा आरएस २.७ ही गाडी शर्यतीच्या नियमाने हव्या असलेल्या ५०० नगांसाठी काढली आणि मागणी पाहून दीड हजारांवर बनवली. फेरारी एफ४० सुमारे ४०० बनणार होत्या, प्रत्यक्षात तेराशेच्या वर गेल्या. फोर्ड जीटीची २०१६ साली अर्जपद्धती सुरू झाली तेव्हा ५०० गाड्यांसाठी साडेसहा हजारांवर अर्ज आले. पुढे कंपनीने संख्या १,००० केली आणि नंतर १,३५०. उलट्या दिशेचे उदाहरण पोर्शे कॅरेरा जीटीचे आहे. १,५०० गाड्यांचा बेत होता, बनल्या १,२७०.

सर्वांत बोधप्रद प्रकरण मात्र जॅग्वार एक्सजे२२० चे आहे, आणि तुमच्या लेखात त्याला स्वतंत्र परिच्छेद द्यावा अशी माझी सूचना आहे. ऑक्टोबर १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात ती व्ही१२ इंजिन आणि चारही चाकांना ताकद अशा रूपात दिसली, आणि लोकांनी ५०,००० पौंडांची आगाऊ रक्कम भरून नावे नोंदवली. १९९२ साली गाडी हातात पडू लागली तेव्हा तिच्यात साडेतीन लिटरचे दुहेरी टर्बोचे व्ही६ इंजिन होते, ताकद फक्त मागच्या चाकांना होती आणि किंमत बरीच चढली होती. दरम्यान मंदी आली होती, सट्ट्यासाठी नाव नोंदवणाऱ्यांना बाहेर पडायचे होते, काही ग्राहक कोर्टात गेले. ३५० गाड्यांचा बेत होता, तो पुरा झालाच नाही, पावणेतीनशेच्या आसपास काम थांबले. विशेष म्हणजे ते व्ही६ इंजिन हलके आणि आखूड होते, ५४० च्या वर अश्वशक्ती देत होते, आणि गाडी आपल्या काळातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक ठरली. तरीही पहिल्या दिवशी जे दाखवले गेले तेच लोकांच्या मनात बसले, आणि त्या चित्रापुढे चांगली गाडीही उणी ठरली.

जीआर जीटीच्या बाबतीत हा धोका कमी आहे असे मला वाटते, कारण कंपनीने आकड्यांना 'किंवा अधिक', 'किंवा कमी' असे शेपूट जोडून स्वतःची सोय करून ठेवली आहे, आणि गाडी संकल्पना म्हणून नव्हे तर विकासाच्या पुढच्या टप्प्यावर असलेला प्रोटोटाइप म्हणून दाखवली आहे. तिचा उगमही लक्षात घ्यावा. जानेवारी २०२२ मध्ये तोक्यो ऑटो सलूनमध्ये पहिल्यांदा दिसली ती जीआर जीटी३ ची संकल्पना, म्हणजे शर्यतीची गाडी. जीटी३ गटातल्या गाड्या खासगी संघ विकत घेऊन पळवतात, आणि त्यांना वर्षानुवर्षे सुटे भाग पुरवावे लागतात. पाचशे गाड्या बनवून कारखाना बंद करणे या व्यवहाराशी विसंगत आहे. त्या गटात हायब्रिड चालत नाही, त्यामुळे शर्यतीच्या गाडीत तेच व्ही८ इंजिन विजेच्या मोटरीविना आहे. हा तपशील अनेक चर्चांत चुकीचा येतो, तेवढा सांभाळावा.

सहावा_गिअर

ओतीव लोखंड आणि बोरघाट, आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. एकाच सांगाड्याचा मुद्दा मी लेखाच्या मध्यभागी आणतो आणि एक्सजे२२० ला स्वतंत्र परिच्छेद देतो. एक उपप्रश्न राहतो. संख्येची मर्यादा नसली तरी कंपनी ग्राहक निवडून घेईल, असे आमच्या गटातले काही जण म्हणतात. याला पूर्वीच्या व्यवहारात काही आधार आहे का? आणि भारताचा प्रश्न अजून तसाच आहे.

पेट्रोलमामा

आधार आहे, आणि तो एलएफएमध्येच आहे. अमेरिकेत ती सुरुवातीला थेट न विकता दोन वर्षांच्या भाडेकरारावर द्यायचे ठरले होते, जेणेकरून कोणी गाडी घेऊन लगेच चढ्या भावाने पुढे विकू नये. नंतर विक्री सुरू झाली. फोर्डने जीटीच्या खरेदीदारांवर दोन वर्षे न विकण्याचे बंधन घातले होते आणि ते मोडल्याबद्दल २०१७ मध्ये कुस्तीपटू जॉन सीना यांच्यावर दावाही लावला होता. तेव्हा 'ग्राहक निवडले जातील' हे 'मानलेले' या रकान्यात ठेवायला हरकत नाही, फक्त शेजारी ही दोन उदाहरणे द्यावीत, म्हणजे तो नुसता वावड्यांचा भाग वाटणार नाही.

भारताविषयी लिहिताना एलएफएशी तुलना करू नये. ती बनत होती त्या काळात लेक्सस भारतात अधिकृतपणे नव्हतीच, ती २०१७ मध्ये आली. आज विक्रीचे जाळे आहे आणि २०१८ च्या नियमाने कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत वाहने येथे वेगळी प्रमाणन चाचणी न घेता आणता येतात, मात्र गाडी उजव्या हाताच्या स्टिअरिंगची आणि मान्य परदेशी निकषांत उत्तीर्ण झालेली हवी. जपानमध्ये आपल्यासारखेच डाव्या बाजूने वाहन चालवतात, त्यामुळे पहिली अट या गाडीला जड जाऊ नये. खरा अडसर सीमाशुल्काचा आहे. ४०,००० डॉलरवरच्या पूर्ण बांधलेल्या आयात गाडीवर मूळ शुल्क आणि उपकर मिळून गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त रक्कम भरावी लागते, त्यावर जीएसटी आणि राज्याचा नोंदणी कर वेगळा. त्यामुळे नियम वाट अडवणार नाहीत, पण अशा किमतीला येथे किती गाड्या खपतील याचा हिशेब कंपनीला करावा लागेल, असे लिहिलेत तर ते दोन्ही रकान्यांशी प्रामाणिक राहील.

ओतीव_लोखंड

सहावा गिअर, लेख छापखान्यात जाण्याआधी सांगाड्याविषयीचा परिच्छेद येथे टाकलात तर तांत्रिक शब्द मी पाहून देईन. 'ओतकाम' आणि 'घडाई' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मासिकांत त्यांची अदलाबदल झालेली मी अनेकदा पाहिली आहे.