मदत हवी आहे: चष्म्यासकट चालेल असा क्लोज्ड-बॅक हेडफोन, ख्यालासाठी

मंद्रसप्तक
मंडळी, ओपन-बॅकवरून (कप मागून उघडे) क्लोज्ड-बॅकवर (कप मागून बंद) यायचे आहे. रात्री ऐकताना घरच्यांची झोपमोड नको आणि पंख्याची घरघरही नको.

ऐकणे मुख्यतः ख्याल: पुरुषांचे गाणे काळी एक-दोनमधले (पेटीच्या त्या काळ्या पट्टीवर षड्ज), बायकांचे काळी चार-पाचमधले. थोडे जुने नाट्यसंगीत, लाखेच्या तबकड्यांवरून उतरवलेले. उरलेल्या वेळात जॅझ. सध्या सेनहायझर एचडी ६०० आहे. त्याचा मधला पट्टा तसाच हवा, फक्त खर्ज आणि डग्गा जरा भरलेले हवेत. चष्मा कायमचा, काड्या जाड प्लास्टिकच्या. अँपच्या हेडफोन आउटपुटचा अवरोध (इम्पिडन्स) १० ओहम.

यादी: सेनहायझर एचडी ८२०, फोकल स्टेलिया, डेनॉन एएच-डी९२००, डॅन क्लार्क एऑन २ नॉयर. पैसे स्टेलियापर्यंत ताणता येतील, पण ताणायची गरज आहे का? दुकानात तासभर ऐकायला मिळणार आहे. त्यात नेमके काय तपासू?

ओहमचा नियम
आधी अँप, कारण त्यावरून यादी निम्मी होते.

एचडी ८२० ३०० ओहमचा, १ व्होल्टला १०३ डेसिबल. ११० डेसिबलच्या शिखरांना साधारण २.२ व्होल्ट लागतील, करंट जेमतेम ७-८ मिलिअँप. तुमचे १० ओहम त्याच्या खिजगणतीतही नाहीत. एऑन याच्या अगदी उलट. तो १३ ओहमचा प्लेनर, म्हणजे ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) सपाट पातळ पडद्याचा. संवेदनशीलता १ मिलिवॅटला ९२ डेसिबल धरली, तर त्याच ११० साठी ६३ मिलिवॅट, म्हणजे ०.९ व्होल्ट आणि ७० मिलिअँप. व्होल्टेज कमी, पण करंट दहापट. शिवाय १० ओहमच्या आउटपुटवर १३ ओहमचा भार टाकला की जवळपास ५ डेसिबल अँपमध्येच मुरतात. प्लेनरचा अवरोध सगळ्या पट्ट्यात सपाट असल्याने सूर बिघडत नाही, आवाजाची गाठोडी तेवढी हलकी होते.

सूर बिघडतो तो स्टेलियासारख्या डायनॅमिकचा (पडदा आणि तारेचे वेटोळे असलेला नेहमीचा ड्रायव्हर). कागदावर ३५ ओहम, पण ड्रायव्हरच्या अनुनादापाशी अवरोध वर चढतो. तिथे तो दुप्पट झाला असे धरा: १० ओहमच्या आउटपुटवर त्या भागात सुमारे १ डेसिबल जास्त बास मिळेल, तोही सैलसर. डी९२०० २४ ओहमचा, त्यालाही हेच लागू. आउटपुटचा अवरोध हेडफोनच्या आठव्या भागाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. १ ओहमच्या आतला अँप घ्या, मग चारही उमेदवार खुले.

गळका कान
अँप ठीक, पण या धाग्यातला खरा खलनायक जाड काडी आहे.

क्लोज्ड-बॅकमध्ये कान, पॅड आणि ड्रायव्हर यांच्यामधली हवा बंद असेल तरच खालचा बास उभा राहतो. काडीने पॅड उचलला की कानशिलापाशी फट पडते आणि १००-१५० हर्ट्झच्या खालचे सगळे त्या फटीतून निघून जाते. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झला आणि षड्ज १३९ ला. म्हणजे गळती झाली की नेमका खर्ज पातळ होतो आणि जोड (षड्जाच्या दोन तारा) तशीच राहते. तरी तंबोऱ्यावर परीक्षा करू नका. जवारीमुळे (घोडीवर तार झणकारल्यामुळे) वरचे स्वर इतके दाट असतात की मूळ ६९ हर्ट्झ गेला तरी कान तो भरून काढतो. साधा साइन टोनच वापरा.

दुकानातल्या तासाचा क्रम:

१. फोनवर टोन जनरेटर, मोनो, ५० हर्ट्झ, आवाज बेताचा. टोन डोक्याच्या मधोमध हवा. एका बाजूला सरकला, तर दुसरी बाजू गळते आहे.

२. बोटांनी कप हलकेच दाबा. बास एकदम वाढला तर सील (हवाबंदपणा) नव्हते. किंचित बदल चालतो, कारण दाबल्याने आतली हवाही कमी होते.

३. चष्मा काढून पुन्हा तेच. चष्म्यासकट आणि चष्म्याविना जो सर्वांत कमी बदलेल, तो तुमचा हेडफोन.

४. सील बिघडले असेल तर आधी डोक्यावरची पट्टी एक-दोन खाचा लांब करून कप खाली घ्या. बहुतेकांची फट कानाच्या पाळीमागे जबड्याच्या खोलगटात असते. कप उंच राहिले की पॅड तिथे टेकतच नाही. मग कप थोडे मागे सरकवा.

५. यानंतरच गाणे लावा. तुलना करताना आवाज सारखा ठेवा, नाहीतर जो थोडा मोठा तोच चांगला वाटतो.

एचडी ८२० बद्दल माझे मत वाईट आहे. काचेचे कप सुंदर, बांधणी उत्तम, पण मोजणीत ३०० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो आणि फिटिंगनुसार खालचा भाग हलतो. काळी पाचचा षड्ज २३३ हर्ट्झचा, म्हणजे गंधार त्या खड्ड्याच्या काठावर. एचडी ६०० च्या मधल्या पट्ट्यावर प्रेम असलेल्याने इकडे फिरकू नये.

मंद्रसप्तक
ओहमचा नियम, गळका कान, दोघांचेही आभार. मग ८२० बाद. दोन शंका: डोक्यावर पकड घट्ट वाटली तर सैल करून घ्यावी का? आणि बास कमी पडला तर इक्यूने (सॉफ्टवेअरमधल्या इक्वलायझरने) वाढवता येईल ना?

पॅडशास्त्री
पकड: जरा धीर धरा, नव्या पॅडचा फोम दोन-तीन आठवड्यांत बसतो. धातूची पट्टी वाकणारी असेल, तर डोक्यापेक्षा सेंटिमीटरभर रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर चढवून ठेवता येते. एऑनची पट्टी निटिनॉलच्या तारांची आहे, ती पुन्हा मूळ आकारात येणार, तिथे हा उपाय व्यर्थ. आणि चष्मेवाल्यांनी पकड सैल करणे म्हणजे फट स्वतः रुंद करणे. त्यापेक्षा हेडफोनसाठी बारीक धातूच्या काड्यांचा दुसरा चष्मा करा. या धाग्यातला सर्वांत स्वस्त अपग्रेड तोच आहे.

पॅड: बाजारातले जाड पॅड लावले की कान ड्रायव्हरपासून लांब जातो, आतली हवा वाढते, ट्रेबलचे उंचवटे जागा बदलतात. मखमली पॅडमधून हवा जाते, त्यामुळे क्लोज्ड-बॅकमध्ये बास उतरतो. एऑनचे पॅड चिकटवलेले असतात, उगाच उचकटू नका. एऑन २ क्लोज्डबरोबर फोम-फेल्टच्या ट्युनिंग चकत्या मिळतात, त्या कानाच्या बाजूने आत सरकवून ड्रायव्हरसमोर बसवायच्या आणि ट्रेबल चवीप्रमाणे मऊ करायचा. एका वेळी एकच बदल करा.

इक्यू: गळती इक्यूने भरू नका. मान वळवली, काडी हलली की फट बदलते आणि तुमचा फिल्टर खोटा ठरतो. सील पक्के झाल्यावर विंडोजवर इक्वलायझर एपीओमध्ये १०५ हर्ट्झचा लो शेल्फ (त्याखालचे सगळे उचलणारा फिल्टर), क्यू (फिल्टरचा अरुंदपणा) ०.७, +३ डेसिबल, आणि प्रीअँप (एकूण पातळी) −३. प्रीअँप विसरलात तर डग्ग्याच्या घुमाऱ्यावर क्लिपिंग (आवाज फाटणे) ऐकू येईल. ५ ते ९ किलोहर्ट्झमधले उंचवटे प्रत्येकाच्या कानाप्रमाणे वेगळे असतात, इंटरनेटवरचे आकडे जसेच्या तसे घालू नका. साइन टोन हळूहळू चढवत न्या, जिथे टोचेल तिथे क्यू ३ चा −३ डेसिबलचा फिल्टर.

नाट्यसंगीताला वेगळा प्रीसेट करा. लाखेच्या तबकडीवर वरच्या पट्ट्यात गाण्यापेक्षा खरखरच जास्त. ६ किलोहर्ट्झपासून हाय शेल्फ −४ पुरतो.

ओहमचा नियम
पॅडशास्त्रींशी सहमत. माझा कौल नॉयर आणि नवा अँप. डी९२०० चा वरचा पट्टा उजळ आहे: जॅझच्या झांजांना मजा येईल, तार सप्तकातल्या सारंगीला आणि हार्मोनियमला नाही.

गळका कान
नॉयर ठीक, पण स्टेलिया ऐकल्याशिवाय सोडू नका. तबल्याच्या चाटेवरचा (कडेच्या पट्टीवरचा) आघात आणि मधल्या शाईवरचा आघात यांतला फरक तिथे जितका स्वच्छ कळतो तितका नॉयरवर नाही. मात्र वजन ४३५ ग्रॅम, नॉयर त्याहून सुमारे १०० ग्रॅमने हलका. दोन तासांच्या मैफलीत मानेला हे जाणवते.

मंद्रसप्तक
शेवटचे: मुंबईच्या दमटपणात पॅड किती टिकतील?

पॅडशास्त्री
कृत्रिम कातडे घाम आणि दमटपणात पापुद्रे सोडते, खरे कातडे जास्त टिकते पण घाम पिते. ऐकून झाले की कोरड्या सुती कापडाने पुसा, मग सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात. कातडे ठीक दिसत असले तरी दर सहा महिन्यांनी ५० हर्ट्झचा टोन लावा. फोम चपटा झाला की कान ड्रायव्हरच्या जाळीला टेकतो आणि बास बदलतो. तेव्हा पॅडची जोडी बदला, एकच नको, नाहीतर डावे-उजवे जुळणार नाही.