मदत हवी आहे: निवृत्तीच्या तोंडावर वेतन फेरनिश्चिती, वसुली आणि पेन्शन

प्रश्नकर्ता

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या वडिलांचा आहे. नाना खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी राज्य सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत. १९९० ला लागले, त्यामुळे जुनी पेन्शन आहे. येत्या ३० जूनला निवृत्त होतील.

पेन्शन प्रकरणासाठी सेवापुस्तक वेतन पडताळणीला गेलं आणि आक्षेपासह परत आलं. २०११ मध्ये नानांना पदोन्नती मिळत होती, ती त्यांनी नाकारली. आजी अंथरुणाला खिळलेली, आणि जागा तिकडे लांब कोकणात. पदोन्नती नाकारणाऱ्याला आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नतीविना ठरावीक वर्षं काढली की वरची वेतनश्रेणी देणारी योजना) पुढचा लाभ देता येत नाही, तरी २०१४ मध्ये २४ वर्षांचा लाभ दिला गेला, असं आक्षेपात म्हटलंय. तो लाभ काढून सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चितीही नव्याने केलीय. मूळ वेतन ४९,६०० वरून ४६,१०० वर. वर सव्वाचार लाखांची वसुली, तीही ग्रॅच्युइटीतून.

लाभाचा आदेश कार्यालयाने काढला, पगारबिलं कार्यालयाने केली. नानांनी काही लपवलं नव्हतं, नकाराचं पत्र सेवापुस्तकात तेव्हापासून लावलेलं आहे. आता ते ओसरीवर बसून एकच विचारतात, "आते काय करानं?" सहकारी म्हणतात, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, वसुली होतच नाही, निर्धास्त राहा. मग पेन्शन कोणत्या आकड्यावर बसेल? ४९,६०० की ४६,१००?

तापीकाठचा

दोन गोष्टी वेगळ्या करा भाऊ, सगळे इथेच गफलत करतात.

वसुलीबद्दल तुमचे सहकारी बरेचसे बरोबर आहेत. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह, डिसेंबर २०१४. गट क आणि गट ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि जादा रक्कम पाच वर्षांहून जास्त काळ मिळत आलेली असेल ते, यांच्याकडून वसुली करू नये असं त्यात आहे. यांतली एक अट लागू झाली तरी पुरते. नानांना तिन्ही लागू होतात.

पण तो निकाल आधी दिलेले पैसे परत घेण्यापुरता आहे. चुकीचं ठरलेलं वेतन पुढे तसंच चालू ठेवा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. वसुली थांबली आणि आक्षेप तसाच राहिला, तर पेन्शन ४६,१०० वरच बसेल. मी कोषागारात नोकरी केली आहे. वसुली थांबली म्हणून पेढे वाटणारे आणि पेन्शनचा आदेश हातात आल्यावर गप्प होणारे पुष्कळ पाहिले.

आकडेच बघा. पेन्शन शेवटच्या वेतनाच्या निम्मी, म्हणजे २४,८०० ऐवजी २३,०५०. महिन्याला १,७५० कमी, आणि त्यावरचा महागाई भत्ताही त्याच प्रमाणात घटणार. पेन्शनची ४० टक्के विक्री केली, म्हणजे तेवढा भाग सोडून एकरकमी पैसे घेतले, तर ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला ८.३७१ चा गुणक लागतो, तिथे सुमारे ७०,३०० रुपये कमी. कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्क्यांनी १४,८८० ऐवजी १३,८३०. हे आईच्या वाट्याला येणार, म्हणून आधी लिहायला हवं होतं.

शिवाय नवीन आयोग आला की जुन्या पेन्शनरांची मूळ पेन्शन गुणून वाढवतात. सातव्यात २.५७ ने गुणली होती. आठव्यात जो गुणक ठरेल तो याच कमी आकड्याला लागेल. म्हणून सव्वाचार लाखांपेक्षा हे १,७५० जास्त महत्त्वाचे समजा.

प्रश्नकर्ता

हे कुणीच सांगितलं नव्हतं. मग आक्षेपावरच लढायचं का? नकार तर नानांनी खरंच दिला होता.

साक्रीकर

त्या पदोन्नतीचा आदेश काढून बघा. नियमित निवडसूचीतून होती की तात्पुरती, तदर्थ? तदर्थ पदोन्नतीचा नकार आणि नियमित पदोन्नतीचा नकार एकाच मापाने मोजता येत नाहीत. आदेशाची प्रत नसेल तर माहिती अधिकारात मागा, पण आजच. जून काही लांब नाही.

दुसरं, २०१९ मध्ये सातव्या आयोगाचा विकल्प देताना प्रत्येकाने वचनपत्र लिहून दिलंय, जादा रक्कम गेली तर परत करीन म्हणून. कार्यालय तेच पुढे करेल आणि वचनपत्र दिलेल्याकडून वसुली करता येते असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा जगदेव सिंग निकाल दाखवेल. त्याला उत्तर आहे. तो माणूस न्यायिक अधिकारी होता, गट क चा कर्मचारी नव्हे. आणि तुमच्याकडची चूक २०१४ च्या लाभातली, वचनपत्र नंतरच्या वेतननिश्चितीचं. हा मुद्दा अर्जात स्पष्ट लिहा.

तापीकाठचा

एक राहिलं. ३० जून म्हणजे १ जुलैची वेतनवाढ एका दिवसाने हुकते. सुप्रीम कोर्टाने ११ एप्रिल २०२३ ला अशांच्या बाजूने निकाल दिला आणि राज्याच्या वित्त विभागानेही जून २०२३ मध्ये पेन्शनसाठी ती काल्पनिक, म्हणजे मिळाली असं मानून, धरायचा निर्णय काढला. वेतनवाढ जुलैची असेल तर ती प्रस्तावात धरली आहे का ते पाहा. आक्षेप उठला तर पेन्शन ५१,१०० च्या निम्मी होईल. आक्षेपाच्या गोंधळात ही वाढ हमखास विसरली जाते.

प्रश्नकर्ता

वाढ जुलैचीच आहे, आणि प्रस्तावात धरलेली नाही. पदोन्नतीच्या आदेशात "तात्पुरत्या स्वरूपात" असे शब्द सापडले. अर्ज कुणाकडे करायचा? तोवर पेन्शन अडकून राहील का?

साक्रीकर

तात्पुरत्या स्वरूपात लिहिलंय म्हणजे जिंकलोच असं समजू नका, नियमित आदेशांतही ते शब्द असतात. निवड समितीचा उल्लेख आहे का ते बघा.

अर्ज कार्यालय प्रमुखांकडे द्या. लाभ नियमित धरण्याची मागणी आणि वसुलीला हरकत असे दोन वेगळे अर्ज करा आणि दोन्हींच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. वाद मिटेपर्यंत तात्पुरतं निवृत्तिवेतन मंजूर करता येतं, तेही लेखी मागा. दाद लागली नाही तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. आपल्या तिन्ही जिल्ह्यांची प्रकरणं औरंगाबाद खंडपीठात चालतात. जिल्हा परिषदेचे असते तर थेट उच्च न्यायालय गाठावं लागलं असतं. अर्ज नाकारल्याच्या आदेशापासून एक वर्षाची मुदत असते.

आणि नानांना सांगा, "वसुलीस माझी हरकत नाही" असं लिहिलेला कुठलाही कागद समोर आला तर सही करू नका. "ग्रॅच्युइटी लवकर सोडतो" असं सांगत तो कागद नेमका शेवटच्या आठवड्यात पुढे करतात.