मदत हवी आहे: मुदतीच्या मालाची लॉटनिहाय नोंद कशी ठेवावी?

नमस्कार. लष्करी भांडाराच्या नोंदींचं काम माझ्याकडे आलं आहे. तंबू, दोर, सुटे भाग यांचं फारसं अडत नाही. खरी डोकेदुखी मुदतीच्या मालाची: गॅस मास्कचे फिल्टर, रबरी सील, बॅटऱ्या, औषधं. 'आधी आलेला माल आधी द्या' हा नियम इथे अपुरा पडतो, कारण उशिरा आलेल्या खोक्याची मुदत कधीकधी आधी संपते.

प्रत्येक प्रकारच्या वस्तूला ओळखीसाठी दिलेल्या १३ अंकी नाटो साठा क्रमांकात पहिले ४ अंक मालाचा वर्ग सांगतात, पुढचे २ क्रमांक देणारा देश आणि शेवटचे ७ त्या वस्तूचा अनुक्रम. लॉट (म्हणजे एकाच खेपेत बनलेला माल) किंवा उत्पादनाची तारीख त्यात नसतेच. त्यामुळे वेगवेगळ्या लॉटची दोन खोकी वहीत एकच दिसतात. शिवाय फिल्टरचं सीलबंद पाकीट फुटलं की छापील मुदतीवर विसंबता येत नाही.

प्रत्येक लॉटला वेगळं बिन कार्ड (मालाजवळ ठेवायचं आवक-जावक नोंदीचं कार्ड) करता, की एकाच कार्डावर वेगळे रकाने? फुटलेल्या पाकिटांची नोंद कुठे घेता? हा फिल्टर उद्या कुणाच्या तरी तोंडावर चढणार आहे, म्हणून अंदाजाने काही करायचं नाही. बारकोडशिवाय चालणारी पद्धत कुणी वापरली असेल तर कार्डाचा नमुना नक्की टाका.