सगळ्यांच्या वहीत तोच आकडा: पशुसंवर्धनाचं प्रात्यक्षिक खरं कसं करून घ्यावं?

नवी_शिक्षिका

नमस्कार. उच्च माध्यमिकच्या व्यावसायिक शाखेत पशुसंवर्धन शिकवते, हे माझं तिसरं वर्ष. वर्गात २८ मुलं-मुली. निम्म्यांच्या घरी जनावरं आहेत, उरलेल्यांनी इथे येईपर्यंत गाईच्या अंगाला हातही लावलेला नव्हता. शाळेच्या गोठ्यात तीन गाई, एक कालवड आणि सहा शेळ्या आहेत.

रोज सकाळी चार-चार जणांचे सात गट गोठ्यात जातात आणि ताप, श्वास, रवंथ, शेण, वैरण किती खाल्ली हे नोंदवहीत लिहितात. गेल्या आठवड्यात वह्या तपासायला बसले. तापाच्या रकान्यात ओळीने १०१.५, १०१.५, १०१.५. एखाद्या दिवशी १०१.४. गाईंनाही तेच, शेळ्यांनाही तेच. थर्मामीटर काढून बघितला तर त्याचा सेल संपलेला. किती दिवसांपासून, ते कुणालाच सांगता येईना.

वर्गात खूप रागावले. घरी आल्यावर मात्र सारखं मनात येत राहिलं, हा आकडा त्यांना दिला कुणी? फळ्यावर मीच लिहिला होता, ‘गाईचं सामान्य तापमान १०१.५ अंश फॅरनहाइट’, आणि चाचणीत त्याला एक गुण ठेवला होता.

मुलं कामचुकार नाहीत हो. त्यातली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत येऊन कालवडीच्या कानामागचे गोचीड काढत बसते. तिच्याही वहीत १०१.५च आहे, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं. ज्यांनी बरीच वर्षं हा विषय शिकवला आहे त्यांनी सांगावं, मुलांनी खरं बघावं आणि खरं लिहावं यासाठी तुम्ही काय करता?

दावणीपाशी

बाई, २६ वर्षं हाच विषय शिकवला. पहिली आठ-नऊ वर्षं माझ्या मुलांच्याही वह्या अशाच असणार. मी त्या इतक्या बारकाईने बघितल्याच नाहीत. तुम्ही बघितल्यात, हे फार चांगलं केलंत.

आधी तो आकडा फळ्यावरून पुसा. पहिले तीन आठवडे सामान्य ताप किती असतो हे मुलांना सांगूच नका. तुमच्याकडे गट सात आणि जनावरं दहा, म्हणजे प्रत्येक गटाला एक जनावर वर्षभरासाठी नेमून देता येईल. त्याचा ताप सकाळ-संध्याकाळ त्याच गटाने घ्यायचा. तीन आठवड्यांनी सगळ्यांचे आकडे एकत्र मांडा. निरोगी गाय साधारण १००.४ ते १०२.८ यांमध्ये कुठेही असू शकते. संध्याकाळी थोडी वर जाते, उन्हातून चालून आली असेल तर आणखी वर. शेळीचं अंग त्याहून गरम, १०१.३ ते १०३.५. ही गोष्ट मुलांच्या स्वतःच्या आकड्यांतून वर आली की ती विसरत नाहीत. मग १०३.४ गाईला आला तर दचकतात, आणि तोच शेळीला आला तर आधी ती उन्हात होती का ते विचारतात.

थर्मामीटर कसा लावायचा यालाच एक अख्खा तास द्या. टोकाला जेली लावून शेपटीखाली गुदद्वारातून हलकेच फिरवत आत घालायचा आणि जरा तिरका धरून आतल्या भिंतीला टेकवायचा. शेणात रुतला की आकडा कमी दाखवतो. मागच्या टोकाला दोरी, दोरीला चिमटा, आणि चिमटा शेपटीच्या केसांना. एकदा एक मुलगा घाबरत माझ्याकडे आला, ‘सर, ९९.१ आलाय, माझं काहीतरी चुकलं.’ आम्ही दोघं परत गेलो. तोवर गाईने शेण टाकलं होतं. थोडं थांबून नीट टेकवून लावला तर १०१.२. तो लगेच रबर शोधायला लागला, मी खोडू दिलं नाही. ९९.१, मग ‘शेण टाकले’, मग १०१.२, तिन्ही गोष्टी वेळेसकट तशाच ठेवल्या. पुढच्या प्रत्येक तुकडीला थर्मामीटर शिकवताना मी तेच पान उघडून दाखवत आलो.

आणि गुण कशाला देता ते बदला. या सगळ्यात हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. ‘बरोबर’ आकड्याला गुण असेल तर मूल बरोबर आकडाच लिहिणार, त्यात त्याचा दोष नाही. मी वहीत एक वेगळा रकाना केला, ‘मोजता आले नाही, कारण’. तो प्रामाणिकपणे भरला तर पूर्ण गुण. शिवाय दोघांनी एकमेकांना न दाखवता मोजायचं. श्वासाचं बघा: एकाने पोटाची बाजू बघत पूर्ण मिनिट मोजले २६, दुसऱ्याचे आले ३६. का? तर दुसऱ्याने १५ सेकंद मोजून चारने गुणले आणि तेवढ्यात गाय माशा वारायला हलली. अशा फरकावर दहा मिनिटं बोललो की मुलांना मोजणं म्हणजे काय ते उमगतं. पाठ केलेल्या आकड्याने ते कधी उमगत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करून घ्या. गाईच्या डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या मागे भकाळीचा खळगा असतो. तिथे मूठ दाबून धरायची, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. सुरुवातीला हाताला काहीच लागत नाही. मग आतून कुणीतरी सावकाश उशी फुगवावी तशी मूठ बाहेर ढकलली जाते आणि परत खाली बसते. निरोगी गाईत हे मिनिटाला एक-दोनदा होतं. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट चार कप्प्यांचं असतं हे पुस्तकात वाचून झालेलं असतंच. पण मुठीखालचा तो पहिला कप्पा एकदा हलला की मुलाचा चेहरा बदलतो, आणि त्यानंतर त्याला जनावराकडे बघ म्हणून सांगावं लागत नाही. धीट मुलांना आधी पुढे पाठवू नका, ती घाई करतात.

पशुवैद्य_रात्रपाळी

वरचं सगळं पटलं. जनावराच्या बाजूने थोडी भर घालतो. एका शेळीला एका सकाळी चार जणांनी थर्मामीटर लावायचा नाही. एकाने ताप घ्यावा, बाकीच्यांनी श्वास मोजावेत, लेंड्या बघाव्यात, नाकपुडी ओली आहे का बघावी. दुसऱ्या दिवशी पाळी बदलावी. ज्या जनावराला रोज त्रास होतो ते माणसाला जवळ येऊ देत नाही, आणि मग आजारी पडल्यावर त्याला तपासणंही अवघड जातं.

खोट्या १०१.५ ने काय बिघडतं हे मुलांना सांगायचं असेल तर दुग्धज्वराचं उदाहरण द्या. नावात ज्वर आहे, पण गाईला ताप नसतो. बऱ्याचदा उलट अंग गार पडतं. जास्त दूध देणारी गाय व्याल्यानंतर एक-दोन दिवसांत रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं. कान गार लागतात, गाय बसते ती उठत नाही, मान वळवून पोटाशी घेते. अशा वेळी मला फोन आला की पहिला प्रश्न असतो, आज सकाळी ताप किती होता, आणि काल? दुसऱ्या बाजूने वही बघून कुणी १०१.५ वाचून दाखवलं आणि ते मोजलेलंच नसेल, तर माझा विचार भलतीकडे जातो. या गाईला वेळेवर शिरेतून कॅल्शियम मिळालं तर ती बऱ्याचदा काही तासांत उभी राहते. वेळ गेली तर दगावते.

आणि हातांबद्दल कडक राहा. गोठ्यातून बाहेर पडताना साबणाने हात धुतल्याशिवाय कुणी डबा उघडायचा नाही. एखादी शेळी किंवा गाय गाभडली तर ते गर्भ, वार काही मुलांनी उचलायचं नाही, डॉक्टरला बोलवायचं. ब्रुसेलोसिससारखे आजार तिथूनच माणसाला लागतात. गरोदर बाईने तर शेळी विताना जवळ थांबूच नये, मग ती शिक्षिका असली तरी.

कालवडवाली

मी अशाच शाखेतून शिकले, आता एका दुग्धशाळेच्या गोठ्यावर काम करते. बाई, मी तुमच्या त्या दुसऱ्या निम्म्यांतली. पहिले दोन महिने मीही वहीत खोटे आकडे लिहिले आणि त्याचं कारण आजवर कुणाला सांगितलं नव्हतं: मला गाईच्या मागे उभं राहायची भीती वाटायची. थर्मामीटर लावायला तिथेच उभं राहावं लागतं ना. भित्री म्हणतील म्हणून मी बाजूच्या गटाचा आकडा उतरवून घ्यायचे.

आमच्या बाईंच्या ते लक्षात आलं. त्या काही बोलल्या नाहीत, एक दिवस मला एकटीलाच गोठ्यात घेऊन गेल्या. म्हणाल्या, गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी सरळ मागचं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने जायचं, जाताना बोलत जायचं. आधी पाठीवर हात ठेवायचा आणि न उचलता कंबरेपर्यंत सरकवत न्यायचा, म्हणजे तू कुठे आहेस हे तिला कळत राहतं. लाथ कशी बसते तेही त्यांनी दाखवलं. गाय पाय पुढे आणून बाजूला गोल फिरवत मारते. हातभर अंतरावर उभं राहिलं तर पूर्ण जोराने लागते, अंगाला चिकटून बाजूला उभं राहिलं तर नुसतं ढकलल्यासारखं होतं. मग माझ्या हातावर हात ठेवून तो त्यांनी गाईच्या कंबरेपर्यंत नेला. गाईचं अंग किती ऊबदार असतं ते मला त्या दिवशी कळलं.

तुमच्या २८ जणांत अशी तीन-चार तरी असतीलच. त्यांना सगळ्यांसमोर विचारू नका.

नवी_शिक्षिका

पाच आठवड्यांनी परत लिहिते आहे. तुम्हा तिघांचे मनापासून आभार.

फळ्यावरचा आकडा पुसला, जनावरं वाटून दिली, नवा सेल आणला आणि आणखी दोन थर्मामीटर मागून घेतले. घाबरणारी मुलं पाच निघाली. त्यातल्या दोघांच्या घरी गाई आहेत हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. घरी कुणी त्यांना जवळ जाऊच देत नाही, म्हणे. त्या पाच जणांना एकेक करून खांद्याच्या बाजूने नेलं. एकाला अजून जमत नाही, तो सध्या श्वास मोजतो आणि वही लिहितो.

तापाच्या रकान्यात आता १००.९ आहे, १०२.३ आहे, एके ठिकाणी ९८.८ आणि पुढे ‘शेणात गेला असावा, परत लावतो’. अक्षर वाईट आहे आणि पानांना शेणाचे डाग आहेत. मुठीखाली पोट हललं की नाही यावरून दोन गटांत भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. रोज दोन्ही गट त्याच गाईपाशी एकत्र मोजायला जातात.

गोचीड काढणाऱ्या त्या मुलीची कालची नोंद जशीच्या तशी उतरवते:

‘सकाळी ७.१० — ताप मोजता आला नाही. कालवड बसून रवंथ करत होती, उठवावीशी वाटली नाही. श्वास ३२. दुपारी १.३० — ताप १०२.१. ऊन होते. सावलीत बांधली. संध्याकाळी परत बघते.’