मदत हवी आहे: एस.ई.५ए चा वरचा पंख बसेना (१/७२, तारांसकट करायचंय)

डावखुरा:

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचा पुण्यात स्केल मॉडेलवाल्यांचा एक छोटा क्लब आहे. क्लब कसला, आठ-नऊ जणांचा कट्टाच. महिन्यातला पहिला रविवार, कुणाच्या तरी घरचं डायनिंग टेबल, चहा, खारी आणि थिनरचा वास. यंदा ठरलं की प्रत्येकाने भारतीय वैमानिकाने उडवलेलं एकेक विमान करायचं. चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला नॅट, कुणाला मिग-२१, एकीला मरुत. माझ्या चिठ्ठीत इंद्रलाल रॉय यांचं एस.ई.५ए, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश दुपंखी लढाऊ विमान. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या अभिनंदनाच्या नव्हत्या, सुटकेच्या होत्या, हे आता कळतंय.

ज्यांना नाव माहीत नसेल त्यांच्यासाठी: रॉय मूळचे कलकत्त्याचे, जन्म २ डिसेंबर १८९८, शिक्षण लंडनला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ४० व्या स्क्वाड्रनमधून ६ ते १९ जुलै १९१८ या काळात त्यांच्या नावावर १० विमानं लागली. २२ जुलैला फ्रान्समध्ये कार्व्हँच्या आकाशात त्यांचंच विमान पडलं. वय १९. माझा मुलगा त्या वयात गिअर बदलायला शिकत होता. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी टेबलावर मांडामांड आहे, म्हणजे रॉय यांच्या वाढदिवसाच्या आसपासच. तोवर मला हे पुरं करायचंय.

किट १/७२ चं (खऱ्या विमानाच्या बहात्तर पटीने लहान), एका मित्राच्या माळ्यावरून आलेलं, बरंच जुनं. कंपनीचं नाव घेत नाही. प्लॅस्टिक इतकं ठिसूळ की फ्रेममधून कापतानाच एक स्ट्रट मोडला. (दुपंखी विमानांत खालच्या नि वरच्या पंखांमध्ये ज्या दांड्या असतात त्यांना आम्ही स्ट्रट म्हणतो.) तो जोडला. बॉडी झाली, खालचा पंख लागला, कॉकपिटमध्ये बरीच हौस केली, ती आता कुणाला दिसत नाही. आणि वरच्या पंखाशी गाडी अडली.

या विमानाला बॉडीवरून वर जाणाऱ्या ४ दांड्या आणि दोन्ही पंखांच्या मध्ये ४. म्हणजे ८ दांड्या, १६ टोकं, सगळी एकाच वेळी आपापल्या भोकात जायला हवीत. डावीकडची बसवली की उजवीकडची निसटतात. तीन वेळा लावला, तीन वेळा उतरवला. तिसऱ्या वेळी फेविक्विक वापरलं, त्याचे डाग अजून खरवडतोय. आत्ता वरचा पंख समोरून पाहिला तर डावीकडे कललाय, जणू विमान कुणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकतंय.

पुढची भीती दोन पंखांच्या मधे ताणलेल्या तारांची. कशाच्या करू? तंगूस आणून ठेवलीय, ०.२ मिमीची. बायको म्हणते केस वापर, घरात भरपूर गळतात. आणि डेकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चिन्हं नि आकडे) पिवळी पडलीत, त्यांत रॉय यांचा नंबर बी १८० नाहीच. क्लबमधले अर्धे म्हणतात तारा लावूच नकोस, इतक्या लहान मॉडेलवर चालतं. मला पटत नाही, पण हात थरथरतो हेही खरं.

जाणकारांनी सांगावं.

टवाळ:

चौथ्या वेळी लावताना व्हिडिओ काढा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बाकी गंमत सोडा, फोटो दिसत नाहीयेत. परत चढवा.

ओझरकर:

डावखुरे, पहिलं म्हणजे फेविक्विक ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावा. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते डोळ्याचं पातं लवायच्या आत धरतं, आणि तुम्हाला इथे हवाय वेळ. ट्यूबमधलं साधं प्लॅस्टिक सिमेंट घ्या. ते दहा-पंधरा मिनिटं हलू देतं.

दुसरं, तुम्ही पंख वरून खाली बसवताय. उलटं करा. वरचा पंख टेबलावर पाठीवर झोपवा आणि विमान उलटं करून त्याच्यावर उतरवा. मग गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने काम करतं. पण त्याआधी साचा हवा. त्याशिवाय हात लावू नका. मी विमानांच्या कारखान्यात ३० वर्षं काढली, तिथे खरी विमानंसुद्धा जिगमध्येच जोडतात. हवेत धरून कुणी काही चिकटवत नाही.

साचा म्हणजे फार काही नाही. फोमबोर्डचा चौकोन घ्या. एस.ई.५ए च्या दोन्ही पंखांना ५ अंशांचा डायहेड्रल आहे, म्हणजे पंखांची टोकं मुळापेक्षा वर उचललेली. उलटा ठेवलात की ती टोकं खाली जाणार. म्हणून मध्यभागाला उचलायला मधे एक पट्टी चिकटवा, टोकांना टेकू द्या, मागच्या बाजूला एक सरळ आडवी पट्टी लावा. किटच्या कागदावरचं समोरून काढलेलं चित्र झेरॉक्सवर १/७२ ला आणून त्यावरून उंच्या मोजा. या मापात पंखांची लांबी सव्वाअकरा सेंटिमीटरच्या आसपास भरली पाहिजे. खऱ्या विमानाची २६ फूट ७ इंच होती. झेरॉक्स बरोबर निघालीय की नाही ते लगेच कळेल.

मग एका दिवशी फक्त बॉडीवरच्या ४ दांड्या. त्या वाळू द्या, रात्रभर. दुसऱ्या दिवशी पंखांमधल्या ४. सोळा टोकं एका बैठकीत बसवायची हा हट्ट सोडा.

डावखुरा:

काका, पाठीवर झोपवायचं सुचलंच नव्हतं. पण रंगाचं काय? मी अजून काहीच रंगवलेलं नाही. जोडल्यावर रंगवणार होतो.

ओझरकर:

मग अडकून पडलात ते बरंच झालं. आधी रंग, आधी डेकल, मग वरचा पंख. जोडल्यावर दोन पंखांच्या मधे ब्रश जात नाही, मास्किंग टेप तर नाहीच. जिथे चिकटवायचंय तेवढ्या जागा रंगाशिवाय सोडा, नाहीतर सिमेंट रंगाला चिकटेल, प्लॅस्टिकला नाही.

आणि तारांची भोकं आत्ताच पाडा. पिनव्हाइस (बोटांनी फिरवायची ड्रिलची मूठ) आणि ०.३ मिमीची सुई-ड्रिल. पंख लागल्यावर ड्रिल आत शिरणार कुठून?

हिरवी_मिरची:

मी क्लबमधली मरुतवाली. (हो, टाळ्या मीच आधी वाजवल्या. सॉरी.)

तारांबद्दल दोन पैसे. डावखुरे, आधी गणित करा. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी. ७२ ने गुणा, ५ मिमी. खऱ्या विमानावर तेवढी जाड तार खपून जाते. तुमची ०.२ ची तंगूस म्हणजे १४ मिमी, जवळजवळ करंगळीएवढा दोरखंड. वहिनींचं बरोबर आहे. पण केस तेलकट असतो, ताणला तर कुरळतो, आणि मॉडेलवर खरंच केस पडल्यासारखा दिसतो. मी एकदा लावले होते. प्रदर्शनात एका आज्जींनी फुंकर मारून उडवायचा प्रयत्न केला.

१/७२ ला मला दोनच गोष्टी पटतात. एक, मॉडेलवाल्यांचा बारीक लवचिक धागा. लायक्राचा असतो, मागवावा लागतो, पण एकदा घेतला की वर्षानुवर्षं पुरतो. तो दुपटी-तिपटीने ताणला जातो, म्हणून नंतर बोट लागलं तरी पुन्हा जागेवर येतो. आणि ठिसूळ दांड्या वाकवत नाही. तंगूस जोरात ओढलीत तर तुमचा जोडलेला स्ट्रट पहिला जाईल.

दुसरी, फुकटातली. किटची उरलेली स्प्रू, म्हणजे भाग ज्या फ्रेमला लागून येतात तिच्या काड्या, घ्या. मेणबत्तीच्या वर, ज्योतीत नाही, गोल फिरवत गरम करा. मऊ होऊन झुकली की बाजूला काढा आणि मग ओढा. पटकन ओढलं तर बारीक, हळू ओढलं तर जाड. दहा ओढल्या की दोन चांगल्या निघतात. कंपासपेटीतल्या डिव्हायडरने दोन टोकांमधलं अंतर घ्या, तेवढा तुकडा कापा, फेव्हिकॉलच्या टिपक्याने चिकटवा. जराशी सैल राहिली तर पेटलेली उदबत्ती लांबून, हळूच जवळ आणा. तार आपोआप ताठ होते. उदबत्ती टेकली की तार गेलीच. लायक्राच्या धाग्याजवळ मात्र उदबत्ती अजिबात नेऊ नका, वितळतो.

लुटनवासी:

धागा उशिरा पाहिला. मी इंग्लंडमध्ये असतो. इथून जवळच ओल्ड वॉर्डन गावात शटलवर्थ संग्रहात एक अस्सल एस.ई.५ए आहे, एफ९०४ नंबरचं, आणि ते अजून उडतं. दोनदा पाहिलंय. लंडनला हेंडनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात आणखी एक आहे, एफ९३८.

जवळून पाहिल्यावर मला कळलेली गोष्ट: पंखांच्या मधल्या तारा गोल नाहीतच. चपट्या आहेत, हवा कापणाऱ्या, पात्यासारख्या. समोरून पाहिलं तर जवळपास दिसत नाहीत, बाजूने पाहिलं तर चकाकतात. एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) हलवणाऱ्या केबल मात्र गोल, पीळ असलेल्या. तेव्हा सगळ्या तारा एकाच रंगात रंगवू नका. पंखांमधल्या पोलादी राखाडी, केबल जराशा गडद.

कुठली तार कशासाठी हे लक्षात ठेवलं की लावताना गोंधळ होत नाही. हवेत असताना पंख वर उचलले जातात, म्हणून बॉडीच्या खालून बाहेरच्या दांडीच्या वरच्या टोकाला जाणाऱ्या तारा ते ओढून धरतात. या फ्लाइंग वायर. ताण यांच्यावर जास्त, म्हणून या विमानात त्या जोडीने आहेत, दोन-दोन. जमिनीवर पंख स्वतःच्या वजनाने खाली येतात, तेव्हा वरच्या मधल्या भागातून बाहेरच्या दांडीच्या खालच्या टोकाला जाणाऱ्या लँडिंग वायर कामाला येतात. त्या एकेरी. पुढच्या-मागच्या दांड्यांमध्ये फुलीसारख्या आणखी दोन. चाकांमध्ये फुली, शेपटीला टेकू देणाऱ्या वेगळ्या. आतून बाहेर लावत या, नाहीतर लावलेल्याच तारेत चिमटा अडकतो.

रंगाचं: वरून पी.सी.१०. ते नेमकं हिरवं की तपकिरी यावर इथल्या क्लबांत लोकांनी मैत्र्या तोडल्यात. पिवळी गेरू आणि काजळी मिसळून केलेला तो लेप, जुना होत जाईल तसा बदलायचा. गडद खाकी-तपकिरी करा, थोडीशी हिरवट झाक ठेवा, आणि कुणी वाद घातला तर मान हलवा. पंखांच्या खाली रंग नाही, फक्त पारदर्शक लेप दिलेलं कापड. त्यामुळे पांढरा नको, जुन्या धोतरासारखा साय-पिवळसर करा.

शेपटीच्या रडरवर पट्टे पुढून मागे निळा, पांढरा, लाल. बरेच जण उलटं करतात.

टवाळ:

'जुन्या धोतरासारखा' हा शेड नंबर कुठल्या दुकानात मिळेल?

हिरवी_मिरची:

डेकलचं कुणीच बोललं नाही. पिवळी पडलेली डेकल खिडकीच्या काचेला आतून टेपने चिकटवून आठवडाभर उन्हात ठेवा, पिवळेपणा बराच उतरतो. आपल्याकडे ऑक्टोबरात ऊन फुकट आहे. मग नको असलेलं एक डेकल आधी पाण्यात टाकून पाहा. तुकडे झाले तर पूर्ण शीटवर ग्लॉस क्लिअरचे दोन पातळ हात मारा, वाळू द्या, आणि प्रत्येक डेकल अगदी कडेने कापून घ्या, कारण आता सगळी शीट एकच पापुद्रा झालेली असते.

बी १८० साठी माझ्याकडे इतर किटांची उरलेली काळी-पांढरी अक्षरं आहेत. रविवारी आणते. त्यातला १ म्हणजे काय, रेघच.

डावखुरा:

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रगती कळवतो.

जुना जोड सोडवला. मोडलेल्या स्ट्रटच्या जागी स्टेपलरची पिन सरळ करून, चपटी ठोकून लावली. ती बाकी सगळ्यांपेक्षा मजबूत झालीय. डेकल नऊ दिवस खिडकीत होती. शेजारच्यांनी विचारलं, कसली नोटीस लावलीय. पिवळेपणा पूर्ण नाही गेला पण चालेल. पी.सी.१० तीनदा मिसळला. पहिला शेणासारखा झाला, दुसरा चिखलासारखा, तिसरा लुटनवासींच्या वर्णनाच्या जवळपास.

काकांचा साचा थर्माकोलचा केला होता, त्याला प्लॅस्टिक सिमेंटने भोक पडलं. (हे कुणीतरी सांगायचं ना!) मग फोमबोर्डची साल न काढता केला. परवा रात्री ४ दांड्या, काल रात्री ४. आज सकाळी उचलून समोरून पाहिलं. सरळ आहे. शेपटीशी समांतर आहे. दहा मिनिटं नुसता बघत बसलो. नाश्ता गार झाला.

तारा ओढलेल्या स्प्रूच्या करतोय. उजवी बाजू झाली. डाव्या बाजूच्या जोडीतल्या दोन तारांमध्ये अंतर सारखं राहत नाहीये, एक युक्ती असेल तर सांगा.

ओझरकर:

शाब्बास. थर्माकोलचं चुकलंच माझं, फोमबोर्ड म्हटलं तेव्हाच बजावायला हवं होतं.

जोडतारांसाठी कागदाची बारीक पट्टी कापा, तारांइतक्या अंतराच्या दोन खाचा करा. पहिली तार लागली की पट्टी तिच्यावर अडकवा, दुसरी तार दुसऱ्या खाचेत टेकवून चिकटवा, वाळली की पट्टी काढा. आणि वरच्या पंखावरची लुईस मशीनगन अगदी शेवटी. तिथे हात सारखा जातो.

डावखुरा:

काका, पट्टी चालली. तारा पूर्ण झाल्या.

लुईस गन शेवटीच लावायला घेतली होती. चिमट्यातून उडाली. आमची फरशी जुनी मोझॅकची, पांढऱ्यात काळे ठिपके. गन काळी, लांबी दीड सेंटिमीटरसुद्धा नाही. तासभर रांगतोय. घरात झाडू बंद केलाय, मावशींना सुट्टी दिलीय. कुणाकडे जास्तीची १/७२ लुईस आहे का?

लुटनवासी:

दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च फरशीला आडवा टेकवून फिरवा. ठिपक्यांची सावली पडत नाही, गनची पडेल.

हिरवी_मिरची:

आणि नाही सापडली तर रविवारी या, माझ्याकडे एक आहे. आधी स्वतःच्या शर्टाच्या घड्या बघा मात्र.

डावखुरा:

बाहीच्या दुमडीत होती.