‘बिलिंग्जगेट’ आणि ‘फिलिपिक’: शिवीगाळ कोणाची, वक्तृत्व कोणाचे?

प्रस्ताव:
अर्वाच्य शिवीगाळीला इंग्रजीत ‘बिलिंग्जगेट’ म्हणतात. बिलिंग्जगेट हा लंडनमधील थेम्सकाठचा मासळीबाजार. तेथील विक्रेत्यांच्या, विशेषतः मासळीवाल्या स्त्रियांच्या तोंडाळपणाचा इतका बोलबाला झाला की सतराव्या शतकात त्या जागेचे नावच शिवराळ भाषेला चिकटले. याच्याशेजारी ‘फिलिपिक’, म्हणजे एखाद्यावर घणाघाती हल्ला चढवणारे भाषण, हा शब्द ठेवून पाहावा. मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याविरुद्ध ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिस याने अथेन्समध्ये केलेल्या भाषणांवरून तो आला आणि इ.स.पू. ४४-४३ मध्ये रोमन वक्ता सिसेरो याने रोमन सेनानी मार्क अँटनीविरुद्ध रचलेल्या चौदा भाषणांनाही तेच नाव मिळाले. त्यांतल्या दुसऱ्या भाषणात अँटनी भर सभेत ओकला याचे सिसेरोने साग्रसंगीत वर्णन केले आहे. तरीही ते वक्तृत्व ठरते. माझ्या मते हा फरक बोलण्याचा नसून बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा आहे.

प्रतिसाद १:
हे मत मला मान्य नाही. डेमॉस्थेनिसला अथेन्सवासीयांना फिलिपविरुद्ध उभे करायचे होते. सिसेरोच्या भाषणातही ओकारीचा प्रसंग हा एका दीर्घ राजकीय आरोपपत्रातील तपशील आहे, आणि त्या विरोधाची किंमत त्याने इ.स.पू. ४३ मध्ये प्राण देऊन मोजली. युक्तिवाद आणि नुसती शिवी यांना वेगळे शब्द असणे हा भाषेचा अन्याय नव्हे. शिवाय बाजार १९८२ मध्ये जुन्या जागेवरून हलला; आज हा शब्द वापरताना मासळीवाल्या कोणाच्या मनात असतात?

प्रतिसाद २:
युक्तिवाद होता की नुसती शिवी, हे ठरवायला त्या स्त्रियांचे बोलणे आपल्यापर्यंत पोहोचायला हवे. सिसेरोचे शब्द त्याने स्वतः लिहून ठेवले. दुसरे भाषण तर प्रत्यक्ष सभेत न करता लेखी स्वरूपातच पसरले. बाजारातल्या स्त्रियांविषयी मात्र आपण वाचतो ते बहुतेक इतरांनी लिहिलेले. मासळी नासण्याच्या आत विकायची, तीही गर्दीत आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला, तेव्हा चढा आवाज ही धंद्याची गरज होती.

प्रस्तावकाचे उत्तर:
पहिल्या प्रतिसादातील हेतूचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, परंतु हेतू तपासायचा तर दोन्हीकडचा तपासावा. आपल्या मालाचा भाव पाडू न देणे हाही हेतूच आहे. आणि मासळीवाल्या विस्मरणात गेल्या असे म्हणता येत नाही, कारण मोठ्याने भांडणाऱ्या बाईला इंग्रजीत आजही ‘फिशवाइफ’ (मासळीवाली) म्हणूनच हिणवतात.